‘उत्सर्जन’ कोणाचे, कोठून? : गोदामांतील फोर्कलिफ्टविषयक मराठी गद्याची समीक्षा

१

साहित्यसमीक्षेच्या कक्षेत सहसा न येणाऱ्या एका गद्यप्रकाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. गोदामात माल उचलून रचणाऱ्या ज्या गाड्यांना आपण फोर्कलिफ्ट म्हणतो, त्यांच्या ऊर्जाबचतीविषयी आणि त्यांच्या धुराविषयी मराठीत आज बरेच लिहिले जाते. विक्रेत्यांची माहितीपत्रके, चालकांसाठी काढलेल्या पुस्तिका, भिंतीवरचे फलक, कारखान्यांच्या अहवालांचे मराठी गोषवारे असे त्याचे स्वरूप असते. हे गद्य कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाही आणि त्याच्या लेखकाचे नाव कोठे छापलेले नसते. तथापि सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे दिवसाचे आठ तास जे मराठी गद्य असते ते हेच होय. आपल्या विभागातून पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या वाट्याला अशा मजकुराच्या भाषांतराचे काम येते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. ज्या गद्याने आपल्या विद्यार्थ्यांना उपजीविका मिळते व ज्यावर वाचकाची सुरक्षितता अवलंबून असते, ते समीक्षेच्या बाहेर ठेवण्याचे कारण दिसत नाही.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका फलकामुळे. काही वर्षांपूर्वी अंबड परिसरातील एका गोदामात मराठी सूचनांची भाषा तपासून देण्यासाठी मी गेलो होतो. बॅटऱ्या चार्ज करण्याच्या खोलीच्या दारावर ‘ऊर्जा दक्षता क्षेत्र’ असा सुबक अक्षरांतला फलक होता. तेथे उभ्या असलेल्या चालकाला मी त्याचा अर्थ विचारला. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “म्हणजे इथं करंट आहे सर, जपून राहायचं.” फलक लिहिणाऱ्याच्या मनात मात्र निराळेच होते. येथे विजेचा काटेकोर वापर होतो, असे त्याला सांगावयाचे होते. मराठीच्या बाजूने पाहता चालकाचे वाचन अचूक होते आणि फलक चुकला होता. या लहानशा प्रसंगापासून निघून, या गद्यातील दोन प्रमुख संज्ञा आणि त्यांभोवतीची वाक्यरचना यांची चिकित्सा करण्याचा हा प्रयत्न आहे.

२

पहिली संज्ञा ‘दक्षता’. ‘दक्ष’ हा संस्कृत शब्द कुशल, समर्थ या अर्थाचा. हिंदीने तो अर्थ बव्हंशी राखला. म्हणून २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमान्वये २००२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेचे हिंदी नाव ‘ऊर्जा दक्षता ब्यूरो’ असे झाले. मराठीत या शब्दाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. सामर्थ्याचा अंश गळून जागरूकतेचा अंश उरला. ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ असे आपण म्हणतो तेव्हा सावधगिरीच अभिप्रेत असते. ज्याला हिंदी ‘सतर्कता आयोग’ म्हणते त्याला मराठी ‘दक्षता आयोग’ म्हणते आणि महाराष्ट्र पोलिसांच्या मासिकालाही ‘दक्षता’ हेच नाव दिले गेले. अर्थात हिंदीतील ‘दक्षता’ मराठीत ‘कार्यक्षमता’ होते आणि मराठीतील ‘दक्षता’ हिंदीत ‘सतर्कता’ होते. दोन भगिनीभाषांतील समानरूप शब्द भाषांतरकाराला कसा चकवितो याचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी उतरविणाऱ्याने शब्द उचलला. अर्थ मात्र मागेच राहिला.

‘कार्यक्षमता’ ही आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झालेली संज्ञा निर्दोष आहे. यंत्राला दिलेल्या ऊर्जेपैकी कितवा हिस्सा उपयुक्त कार्याच्या रूपाने परत मिळाला, ते सांगणारे हे गुणोत्तर आहे. परंतु माहितीपत्रकाच्या गद्यात शिरल्यावर ही संज्ञा आपले गुणोत्तरपण गमावते आणि केवळ स्तुतिवाचक विशेषण होऊन बसते. ‘ऊर्जा-कार्यक्षम गाडी’ या शब्दसमूहात कशाचे कशाशी गुणोत्तर, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

आता हीच गोष्ट चालक आपापसांत कशी बोलतात ते पाहावे. मोटारगाडीसंबंधी ते ‘ॲव्हरेज’ विचारतात. इंग्रजीतून आलेल्या या शब्दाला मराठीने स्वतःचा नेमका अर्थ दिला आहे : एका लिटरमागे किती किलोमीटर. फोर्कलिफ्ट दिवसभर एकाच छपराखाली फिरते. तिच्या बाबतीत किलोमीटरला फारसा अर्थ नाही. म्हणून तिच्याविषयी ‘तासाला किती तेल खाते?’ असा प्रश्न येतो. ‘खाणे’ हे क्रियापद येथे अत्यंत समर्पक आहे. त्याला खाणारा लागतो, खाद्य लागते आणि माप लागते. ‘ही गाडी तासाला अडीच लिटर तेल खाते’ या वाक्यात कर्ता, कर्म, परिमाण आणि काल ही चारही अंगे जागेवर आहेत. पाठ्यपुस्तकातील व्याख्येला जे अभिप्रेत आहे ते या बोलीतील वाक्याने जवळजवळ पुरे केले आहे; सुशिक्षित माहितीपत्रकाने ते गमावले आहे. परिभाषेमुळे विचार स्पष्ट व्हावा अशी आपली अपेक्षा असते. येथे परिभाषेने तो झाकला गेला, ही नोंद परिभाषा घडविणाऱ्यांनी मनावर घेण्याजोगी आहे.

३

दुसरी संज्ञा ‘उत्सर्जन’. ‘सृज्’ म्हणजे सोडणे, निर्माण करणे. त्याला ‘उत्’ हा उपसर्ग लागून बाहेर टाकणे हा अर्थ येतो. हा शब्द मराठी माणसाला किमान तीन ठिकाणी भेटतो. वेदाध्ययनाच्या परंपरेत उपाकर्माच्या जोडीला उत्सर्जन हा विधी आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उत्सर्जन संस्था’ म्हणजे शरीरातील त्याज्य द्रव्ये बाहेर टाकणारी यंत्रणा. आणि आता यंत्रांच्या संदर्भात धूर व वायू बाहेर सोडणे. या तिन्ही अर्थांत एक समान सूत्र आहे : कोणीतरी, काहीतरी, कोठून तरी सोडीत असतो.

यंत्रांच्या संदर्भातही या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळून वापरले जातात. पहिला अर्थ कायद्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या व्याख्येत फोर्कलिफ्टची गणना ‘बांधकाम सामग्री वाहन’ या वर्गात होते. गोदामाच्या छपराखाली आयुष्य काढणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने उत्खनकाच्या आणि रोलरच्या रांगेत उभी आहे, ही वर्गीकरणाची गंमत बाजूस ठेवू. या वर्गातील वाहनांस १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज चारची मानके लागू झाली. ही मानके इंजिनाच्या प्रत्येक युनिट कार्यामागे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे कण किती ग्रॅम बाहेर पडावेत याची मर्यादा घालतात. कार्बन डायऑक्साइडवर त्यांत मर्यादा नाही. दुसरा अर्थ हवामानबदलाच्या चर्चेतला. तेथे ‘उत्सर्जन’ म्हणजे मुख्यतः तोच कार्बन डायऑक्साइड, जो पहिल्या अर्थात मोजलाच जात नाही.

याचा परिणाम असा की ‘नव्या इंजिनामुळे उत्सर्जन घटले’ हे वाक्य एकाच वेळी खरे आणि खोटे असू शकते. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे खरोखर घटली असतील. पण एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि इंजिन कोणत्याही मानकाचे असले तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. तेल कमी खाल्ले तरच हा वायू कमी होतो. वाचकाने ‘उत्सर्जन’ हा शब्द कोणत्या अर्थाने घ्यावयाचा हे लेखकाने सांगितले नाही, तर कायद्यातील पुण्य हवामानाच्या खात्यावर जमा होते.

येथे विजेवर चालणाऱ्या गाडीचा प्रश्न येतो. तिच्या माहितीपत्रकावर ‘शून्य उत्सर्जन’ हे शब्द बहुधा ठळक असतात. गाडीला धुरांडे नाही, म्हणून शून्य. परंतु शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होत असता, विशेषतः चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण आकारमानाने ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरेशी होते. चार्जिंगच्या खोलीत वायुवीजन हवे, विडी-काडी नको, या सूचना त्याचसाठी असतात. म्हणजे ‘शून्य उत्सर्जन’ हा फलक आणि ‘वायू बाहेर पडतो, सावध राहा’ हा फलक एकाच भिंतीवर येऊ शकतात. मी पाहिलेल्या खोलीत ‘दक्षता’ हा शब्द स्तुतीसाठी खर्च झाला होता. खऱ्या दक्षतेच्या सूचनेसाठी शब्दच उरला नव्हता. शब्द चुकीच्या जागी वापरला की तो केवळ तेथेच निकामी होतो असे नाही. जेथे त्याची गरज असते तेथेही त्याची धार बोथट होते.

४

या गद्याच्या चिकित्सेसाठी आपल्या व्याकरणपरंपरेतील कारकविचार विलक्षण उपयोगी पडतो. पाणिनीपासून चालत आलेल्या आणि मराठीत दादोबा पांडुरंग, मोरो केशव दामले आदी वैयाकरणांनी आपापल्या परीने चर्चिलेल्या या विचारात, क्रियेशी संबंध असणारे घटक वेगळे करून पाहिले जातात : कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. वस्तू जेथून दूर जाते तो बिंदू म्हणजे अपादान. क्रिया जेथे घडते तो आधार म्हणजे अधिकरण. ‘उत्सर्जन’ ही जिच्यात अपादान गृहीतच आहे अशी क्रिया. ‘कोठून’ हा प्रश्न न विचारता ती समजूच शकत नाही. ‘शून्य उत्सर्जन’ या सामासिक घोषणेत नेमके हेच कारक लोपले आहे. ते परत जागेवर ठेवले तर काय होते ते पाहू.

उदाहरणासाठी अडीच टन भार उचलणारी एक डिझेलची आणि तेवढ्याच क्षमतेची एक विजेची गाडी घेऊ. पुढील आकडे एखाद्या विशिष्ट गाडीचे नव्हेत. मध्यम कामाचा अंदाज म्हणून ते घेतले आहेत. डिझेलची गाडी तासाला अडीच लिटर तेल खाते असे मानू. २.५ गुणिले २.६८ म्हणजे तासाला ६.७ किलो कार्बन डायऑक्साइड. हे उत्सर्जन गाडीतून आणि गोदामात होते. अपादान व अधिकरण दोन्ही डोळ्यांसमोर आहेत.

विजेची गाडी तेवढ्याच कामासाठी बॅटरीतून तासाला ५ युनिट वीज घेते असे मानू. डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, म्हणजे पहिल्या गाडीने २५ युनिट खाल्ले आणि दुसरीने ५. गाडीपुरते पाहिले तर हा फरक थक्क करणारा आहे, आणि तो खरा आहे. डिझेल इंजिनात ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो, विजेच्या मोटारीत तो फारच थोडा जातो. शिवाय विजेची गाडी उभी असताना इंजिनासारखी उगाच धडधडत नाही. मात्र आता अपादान एक पाऊल मागे सरकवू. शिसे-आम्ल बॅटरी भरताना सुमारे पाव हिस्सा ऊर्जा वाया जाते असे धरले तर ५ युनिट मिळविण्यासाठी भिंतीवरच्या सॉकेटमधून सुमारे ६.७ युनिट घ्यावे लागतात. लिथियम बॅटरीत हा तोटा बराच कमी, तेथे ५.४ युनिट पुरतात.

आणखी एक पाऊल मागे, वीजनिर्मितीपर्यंत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडील आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधील विजेच्या एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या हिशेबाने शिसे-आम्ल बॅटरीच्या गाडीचे तासाचे उत्सर्जन सुमारे ४.८ किलो, लिथियम बॅटरीच्या गाडीचे सुमारे ३.९ किलो. म्हणजे डिझेलच्या तुलनेत अनुक्रमे २८ आणि ४२ टक्क्यांची घट. ही घट स्पृहणीय आहे. पण तिला शून्य म्हणता येत नाही.

नाशिककराला तर हे दूरचे उदाहरण वाटू नये. नाशिकरोडजवळ एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७९ ते १९८१ या काळात तेथे २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. त्याआधीचे १४० मेगावॉटचे दोन संच पुढे बंद झाले. अंबडच्या गोदामातील सॉकेटमध्ये येणारी वीज एकलहऱ्याचीच असते असे म्हणता येत नाही, कारण ग्रिडमध्ये सगळ्या केंद्रांची वीज एकत्र होते. परंतु त्या धुरांड्यांकडे पाहून एक प्रश्न विचारता येतो : चार्जिंगच्या घटकेस सॉकेटमधली वीज केवळ कोळशाची असेल तर? कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे ढोबळमानाने १ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग शिसे-आम्ल बॅटरीच्या गाडीचे उत्सर्जन तासाला सुमारे ६.७ किलो ठरते, म्हणजे डिझेलच्या गाडीइतकेच. उलट, तीच गाडी दुपारी गोदामाच्या छपरावरील सौर पट्ट्यांच्या विजेवर भरली तर चालविण्यापुरते तिचे उत्सर्जन शून्याच्या जवळ जाते. तेल शुद्ध करताना आणि वीज वाहून आणताना होणारी घट या हिशेबात धरलेली नाही. ती दोन्ही पारड्यांत पडेल आणि आकडे थोडे वाढतील.

तात्पर्य, ज्या एका शब्दसमूहाने गाडीचे वर्णन केले गेले त्याच्या पोटात शून्याच्या आसपासपासून ६.७ किलोपर्यंतचा कोणताही आकडा मावतो. बॅटरी कोणती, वीज कोठली, चार्जिंग दिवसा की रात्री, यांवर तो ठरतो. करण, अपादान आणि काल हे तीन घटक सांगितल्याशिवाय विधानाची सत्यासत्यता तपासताच येत नाही. ज्या विधानाची सत्यासत्यता तपासता येत नाही ते व्याकरणदृष्ट्या कितीही शुद्ध असले तरी माहिती देत नाही. ते केवळ भावना निर्माण करते.

नाशिकच्या वाचकाला आणखी एक सांगावेसे वाटते. रामकुंडावर ज्या वस्तूचे विसर्जन होते ती दिसेनाशी होते. ती नाहीशी होत नाही, हे गोदाकाठच्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. विसर्जन आणि उत्सर्जन हे एकाच धातूचे शब्द. पहिल्याच्या बाबतीत जो विवेक आपण हळूहळू शिकत आहोत तो दुसऱ्याच्या बाबतीतही शिकावा लागेल.

५

संज्ञांकडून आता वाक्यांकडे वळू. या गद्यात ‘उत्सर्जन कमी करण्यात आले आहे’ या धाटणीचे वाक्य पदोपदी आढळते. ‘-ण्यात येणे’ ही रचना आपल्या कचेरीच्या मराठीची ओळखच झाली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की कर्ता सांगण्याची सक्ती तिच्यात नाही. ‘पूल बांधण्यात आला’ या वाक्यात बांधणारा शोधावा लागतो. तथापि पूल समोर दिसत असल्यामुळे तेथे तितकेसे बिघडत नाही. ‘उत्सर्जन कमी करण्यात आले’ यात कर्ता नाही, अपादान नाही आणि जे कमी झाले म्हणतात ते डोळ्यांना दिसणारेही नाही. वाचकाने विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

‘कमी’ या शब्दाचे तसेच आहे. हे तौलनिक विशेषण. त्याला ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ची जोड हवी. कशाहून कमी? जुन्या डिझेल गाडीहून, की गेल्या वर्षाहून? आणि कशामागे कमी? एका पॅलेटमागे की वर्षाच्या बेरजेत? हा भेद केवळ शाब्दिक नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात दाखविले की वाफेची इंजिने अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, कारण काम स्वस्त झाले की अधिक काम काढले जाते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईचे प्रवेशद्वार हा रस्ता सलग झाला. या रस्त्याने मालाची ये-जा दुप्पट झाली आणि प्रत्येक पॅलेटमागचे उत्सर्जन तिसऱ्या हिश्शाने घटले, असे समजा. तर एकूण उत्सर्जन मूळच्या सव्वापटीहून अधिक होईल, आणि तरीही ‘उत्सर्जन कमी झाले’ हे वाक्य पत्रकात निर्दोष म्हणून छापता येईल. ‘पॅलेटमागे’ हा एक शब्द वाक्यात असता तर वाचकाची फसगत झाली नसती.

विशेषणांपैकी ‘नवे’ याच्याविषयी एकच वाक्य पुरेल. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आल्टूना येथे बॅटरीवर चालणारी सामानाची गाडी १९०६ मध्येच वापरात आणली होती, म्हणजे विजेची भारवाहक गाडी ही डिझेलच्या फोर्कलिफ्टची पूर्वज आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. जाहिरातीच्या मजकुराकडून शास्त्रवाक्याची अपेक्षा का करावी? अतिशयोक्ती हा तर तिचा धर्मच. आक्षेपात तथ्य आहे, आणि साबणाच्या जाहिरातीबाबत मी तो मान्य करीन. परंतु हे गद्य जाहिरातीच्या कागदावर थांबत नाही. तेच शब्द चालकाच्या पुस्तिकेत जातात, तेथून फलकावर, तेथून वार्षिक अहवालात आणि अखेर वर्तमानपत्राच्या बातमीत. प्रत्येक पायरीवर विशेषणाचे वजन वाढत जाते आणि शेवटी ते वस्तुस्थितीच्या जागी बसते. शिवाय अलंकार ओळखता यावा लागतो. मुखाला चंद्र म्हटले तर कोणी चंद्राचे वजन विचारीत नाही. ‘शून्य’ हा मात्र अंक आहे आणि अंक अलंकार म्हणून वाचण्याची वाचकाला सवय नसते.

६

आतापर्यंतचे विवेचन वाचून विजेच्या गाडीचा मी विरोधक आहे असा समज होईल. तो दूर केला पाहिजे. ‘उत्सर्जनाची केवळ जागा बदलली’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे, हाही तितकाच मोठा भाषिक अन्याय ठरेल. कारण जागा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केला. बंद गोदामात, चालकाच्या पाठीमागे दोन हातांवर जो धूर निघतो तो प्रथम त्याच्याच छातीत जातो. द्राक्षांच्या शीतगृहात तर धुराची गाडी नेणेच अयोग्य. हा धूर गोदामातून गेला, ही त्या माणसाच्या दृष्टीने खरीखुरी शून्याची प्राप्ती आहे. ‘या गाडीतून गोदामात धूर निघत नाही’ हे वाक्य संपूर्ण सत्य आहे, कर्ता, अपादान व अधिकरण यांसह आहे, आणि चालकाला समजणारे आहे. आश्चर्य असे की हे सत्य आणि सोपे वाक्य सोडून पत्रककार ‘शून्य उत्सर्जन’ या अर्धसत्याकडे वळतो. साध्या मराठीत गाडीची जी थोरवी सांगता येते ती परिभाषेच्या आडून सांगताना तो वाचकाचा विश्वास घालवितो.

कार्यक्षमतेच्या गुणोत्तरालाही मर्यादा आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. मनमाडच्या धान्यकोठारांत किंवा लासलगावच्या बाजारात पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाचा दिवसाचा आहार ३५०० किलोकॅलरी धरला तर ती ऊर्जा सुमारे ४ युनिट भरते, म्हणजे विजेची गाडी एका तासात जेवढी वीज घेते त्याहूनही कमी. निव्वळ आकड्यांनी पाहणाऱ्याला माणूस हेच स्वस्त आणि कमी उत्सर्जनाचे यंत्र वाटेल. हा निष्कर्ष कोणाही सहृदय वाचकाला असह्य होईल, आणि तसाच तो व्हावयास हवा. काय वाचविले याबरोबर कोणाची पाठ वाचविली, हेही हिशेबात यावे लागते. आणि गाडी आल्यावर त्या पाठीचा रोजगार कोठे गेला, हेही.

या संदर्भात महाराष्ट्राच्या एका शब्दाचे स्मरण होते. १९६९ मध्ये आपल्या विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम केला. त्याच्या नावातील ‘माथाडी’ हा शब्द कोणा परिभाषा समितीने घडविलेला नाही. तो धक्क्यावरून आणि बाजारपेठेतून सरळ कायद्यात आला. त्या शब्दातच त्याचे अधिकरण आहे : भार कोठे, तर माथ्यावर. कोण वाहतो आणि कोठे वाहतो हे तो एका श्वासात सांगतो. कायद्याने हा शब्द स्वीकारला तेव्हा कायदाही अधिक स्पष्ट झाला आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांना तो आपला वाटला.

फोर्कलिफ्टविषयक गद्यासाठी यातून निघणारा धडा असा. ‘फोर्कलिफ्ट’ला नवा संस्कृत प्रतिशब्द घडविण्याची मुळीच गरज नाही, तो शब्द रूढ आहे आणि ‘गाडी’च्या सहवासाने बहुधा स्त्रीलिंगीही झाला आहे. गरज आहे ती वाक्ये पुरी करण्याची. कार्यक्षमतेविषयी लिहिताना किती टन माल हलविण्यासाठी गाडीने किती तेल किंवा किती युनिट खाल्ले, ते लिहावे. उत्सर्जनाविषयी लिहिताना कोणता वायू, कोठून, कशामागे आणि कशाहून कमी, ते लिहावे. ‘दक्षता’ हा शब्द चार्जिंगच्या खोलीतील धोक्यासाठी राखून ठेवावा. भाषांतराची कामे घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी मजकूर परत देण्यापूर्वी प्रत्येक वाक्याला ‘कोण, काय, कोठून, कोठे’ हे जुनेच चार प्रश्न विचारावेत, आणि ज्या वाक्यापाशी उत्तर नसेल ते मूळ लेखकाकडे परत पाठवावे. ते काम भाषांतरकाराचे नाही असे त्यांना सांगितले जाईल. माझ्या मते ते त्याचेच आहे, कारण वाक्य अपुरे आहे हे प्रथम त्यालाच कळते.

अंबडच्या त्या गोदामात माझ्या सूचनेनुसार फलक बदलला गेला. आता तेथे ‘बॅटरी भरताना ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. पंखा चालू ठेवा. दक्षता घ्या.’ असे लिहिले आहे. त्यात ऊर्जेची स्तुती राहिली नाही, एवढी तक्रार व्यवस्थापकांनी केली. चालकाने मात्र फलक एकदा वाचला आणि पंखा चालू आहे की नाही ते पाहण्यासाठी मान वर केली.